मध्यंतरानंतरचा सिनेमा हॉलमध्ये

मी एक जुना संगणक आहे आणि माझा मुक्काम चपलांच्या कपाटावर आहे. हसू नका, मित्रांनो. धायरीतल्या या फ्लॅटमध्ये इंटरनेटची तार दारातून आत येते, म्हणून मलाही दाराशीच बसावे लागते. येणारा-जाणारा माझ्या डोक्यावर किल्ल्या ठेवतो. मान म्हणावा तर हा एवढाच.

माझे उमेदीचे दिवस एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले. तिथे मी रक्ताचे रिपोर्ट छापत असे. लोक कागद हातात घेताना देवाचे नाव घेत आणि वाचून झाल्यावर डॉक्टरांचे आभार मानत. माझे कोणी मानल्याचे आठवत नाही. पुढे लॅबमध्ये नवी यंत्रे आली, तेव्हा तिथे काम करणाऱ्या श्रीधररावांनी मला घरी आणले. त्यांच्या मुलीने, सलोनीने, माझ्यावर चित्रे रंगवली, शाळेचे प्रकल्प केले. मग तिला लॅपटॉप मिळाला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गणपतीच्या मखराशेजारी, जुन्या चादरीखाली मी कितीतरी वर्षे काढली. दर दिवाळीच्या साफसफाईत मला भंगारात द्यायचे ठरे आणि फराळाच्या गडबडीत ते राहून जाई. लोकांच्या विसराळूपणावर जगलेला मी एकटाच नसेन.

मला खाली उतरवले ते आजींच्या दुखण्यामुळे. सलोनीच्या आजी, आनंदीबाई, बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडून बसल्या. शस्त्रक्रिया नीट झाली. वॉकर धरून रोज चाला, नाहीतर पाय कायमचे आखडतील, असे डॉक्टरांनी बजावले. पण आजींच्या मनात पडण्याची भीती बसली होती. त्या आतल्या खोलीत पलंगावरच राहू लागल्या. वॉकर कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याच्यावर टॉवेल वाळू लागले.

या घरात शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायची रीत होती. ती आजोबांनी, म्हणजे तात्यारावांनी, खडकीहून आणलेली. दारूगोळा कारखान्यात नोकरीला असताना ते तिथल्या क्वार्टर्समध्ये राहत. मैदानावर पडदा बांधून सिनेमा दाखवत आणि रीळ बदलताना मध्यंतर होई. आता रीळ गेले, पण मध्यंतर राहिले. सिनेमा निम्म्यावर आला की तात्याराव तो थांबवत, स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा करत. एरवी ते तिकडे फक्त डबे उघडून बघायला जात. आजी पडल्या आणि ही रीतही मोडली. "तुम्ही बघा, मी इथून ऐकते," असे त्या म्हणत, पण मग कोणालाच बघावेसे वाटेना.

सलोनीने यावर उपाय काढला. घरात कपाटभर डीव्हीडी होत्या, पण तिच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला तोंडच नाही. मला आहे. तिने मला माळ्यावरून काढले, रंगाच्या ब्रशने पंख्यातली धूळ झाडली, पोटात मोठी डिस्क बसवली आणि बाळाला घास भरवावा तशी एकेक डीव्हीडी भरवली. आता मी सर्व्हर झालो. सगळे सिनेमे माझ्याजवळ, आणि घरातला जो पडदा मागेल त्याला मी ते पाठवायचे.

तात्यारावांना हे काही पटेना. सलोनी म्हणाली, "आजोबा, गच्चीवर टाकी एकच असते आणि नळ प्रत्येक खोलीत. तसंच आहे हे."

"मग टँकर कोणाला सांगायचा तेही ठरवून ठेव," ते म्हणाले.

आजींच्या खोलीत छोटा टीव्ही लागला. पहिल्याच शनिवारी मी एकच सिनेमा दोन्हीकडे एकदम पाठवला. हॉलमध्ये हशा पिकला की पाठोपाठ आतूनही हसण्याचा आवाज येई. सलोनीच्या आईने, तनुजाने, मला हळदकुंकू लावले. मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती, म्हणजे जिथे पंखा आहे ती जागा, भरून आली.

पण आजींना आता खोलीतून बाहेर यायचे कारणच उरले नाही. सिनेमा आत, जेवण आत, चहाही आत. डॉक्टर पुन्हा नाराज झाले. यात माझा काही हात असेल, असे मला स्वप्नातही वाटले नाही.

तात्यारावांना कारखान्याची एक सवय आहे. दारूगोळ्याच्या जागी शेवटच्या माणसाने सगळी बटणे बंद करूनच बाहेर पडायचे असते. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की खोलीतून उठले की हात आपोआप बटणाकडे जातो. एका शनिवारी मध्यंतरात चहा करायला उठताना त्यांनी पंख्याबरोबर माझेही बटण बंद केले. मी जागच्या जागी विझलो. पुढे काय झाले ते मला दिसले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी चपला घालता घालता त्यांनीच ते सलोनीला सांगितले.

"मी चहा घेऊन आत गेलो तर ही पलंगाच्या कडेला बसलेली. दोन्ही पाय जमिनीवर. कोणी धरलं नव्हतं. मला विचारते, अहो, पुढं काय झालं?" त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाले, "सलोनी, तिच्या खोलीचा नळ मध्यंतरानंतर बंद ठेवता येईल का?"

येईल, असे सलोनी म्हणाली. मला फार वाईट वाटले. ज्या कामासाठी मला माळ्यावरून उतरवले, तेच अर्धवट सोडायचे होते.

पुढच्या शनिवारी बंगल्यातल्या खुनाचा एक रहस्यपट लावला. मध्यंतर झाले आणि मी आतल्या पडद्याला सिनेमा पाठवणे थांबवले.

"अहो, सिनेमा बंद पडला," आजींनी हाक मारली.

"पडलेला नाही. मध्यंतरानंतरचा सिनेमा हॉलमध्ये आहे," तात्याराव म्हणाले. "चहाही इथेच आहे."

माझ्या जागेवरून आजींची खोली समोरच दिसते. त्यांनी भिंतीकडे तोंड केले ते केलेच. हॉलमध्ये खुनी सापडला, पण कोणालाही आनंद झाला नाही. तात्यारावांच्या चहावर साय आली. ते पडद्याकडे बघतच नव्हते, दाराकडे बघत होते. माझ्या हातात असते तर मी गुपचूप आत सिनेमा पाठवला असता.

आठवडाभर आजी ज्याला त्याला खुनी कोण ते विचारत राहिल्या. तनुजाला नेमके तेव्हाच दूध उतू जाताना दिसे आणि श्रीधररावांना फोन येई. सगळे एका माळेचे मणी, असे आजी म्हणाल्या आणि तात्यारावांशी बोलेनाशा झाल्या. तरी तात्याराव बधले नाहीत. मात्र रात्रीचे त्यांचे जेवण कमी झाले होते.

शनिवारी तोच सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. मध्यंतर झाले. आतला पडदा काळा झाला. या वेळी हाक आली नाही. बऱ्याच वेळाने टॉवेल खाली पडल्याचा आवाज झाला आणि मग वॉकर जमिनीवर टेकल्याचा. सलोनी उठू लागली तशी तात्यारावांनी तिचा हात धरून तिला बसवले. आजी दारात आल्या. थांबल्या, पुन्हा निघाल्या. सोफ्यावर बसल्यावर दम खात त्यांनी विचारले, "माळीच आहे ना खुनी?"

"बघ आता," तात्याराव म्हणाले. ते चहा करायला गेले आणि त्या दिवशी चहाला फार वेळ लागला.

आता माझ्या बटणावर तात्यारावांच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: "हे बटण बंद करू नये. सवय असल्यास आवरावी." ती वाचून रोज हात मागे घेणारे ते एकटेच. आजी सिनेमाच्या सुरुवातीपासूनच हॉलमध्ये असतात. आतला टीव्ही शनिवारी माझ्याकडे काहीच मागत नाही आणि मला त्याचे वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राची धूळ पुसत जा, ते तुमच्या उपयोगी पडेल. आणि घरात कोणी पडून असेल तर त्याला सगळेच हातात नेऊन देऊ नका. थोडे बाहेर ठेवा आणि तो येईपर्यंत वाट बघा. वाट बघणे जड जाते, ते मी पाहिले आहे.

गेल्या शनिवारी मध्यंतरात तात्याराव उठले तर आजी म्हणाल्या, "बसा. आज चहा मी करते." वॉकर सोफ्याजवळच राहिला. भिंत धरत धरत त्या दाराशी आल्या, माझ्या डोक्यावरच्या किल्ल्या बाजूला सारून तिथे हात टेकला, क्षणभर थांबल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.