मागून पडणारी ठिणगी

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे, आणि त्यातही मागची. बॅटरीतली चिमूटभर वीज घ्यायची, तिचा जोर हजारपट वाढवायचा आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडायची, हे माझं काम. एका कारखान्यात माझ्या पोटात केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळली गेली. तिथल्या एका बाईंनी मला तपासलं आणि त्या "ठीक" म्हणाल्या. हे माझं पहिलं कौतुक. दुसऱ्याची मी बरीच वर्षं वाट पाहिली.

माझ्या गाडीच्या इंजिनात वर-खाली उड्या मारणारं काही नव्हतं. दोन तिकोनी लोखंडी ठोकळे गरगर फिरायचे, एक गाडीच्या नाकाकडे, दुसरा त्याच्या पाठीमागे. भाताच्या तिकोनी मुटक्यासारखे दिसतात म्हणून आमच्याकडे सगळे त्यांना मुटकेच म्हणतात. प्रत्येक मुटक्याला दोन प्लग. एक आधी पेटतो, दुसरा डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच्या मागून. आधीच्या ठिणगीनं बहुतेक इंधन जळतं. कोपऱ्यात उरलंसुरलं असेल ते जाळायला मी.

माझ्या शेजारी आधीची कॉइल होती. इतकी वर्षं खेटून बसलो, पण बोलणं असं झालं नाही. ती बोलायची तेव्हा मी गप्प, आणि माझी पाळी येईतो तिचं सांगून संपलेलं असायचं.

गाडी होती जपानमधल्या इना खोऱ्यातल्या देवळाचे पुजारी जिकाई यांची; सगळे त्यांना ओशोसान, म्हणजे पुजारीबुवा, म्हणायचे. पुजाऱ्याला दोन माणसांची लाल स्पोर्ट्स कार कशाला, असं गाव विचारायचं. "चढ फार आहेत," एवढंच ओशोसान सांगायचे. त्यांच्या झग्याची बाही दर वळणावर हँडब्रेकमध्ये अडकायची आणि ते तिला मंत्र म्हणता म्हणता सोडवायचे.

सगळ्यात वरच्या घरात हात्सुनो आजी एकट्या राहायच्या. कान जवळजवळ गेलेले. दारावर कोणी धपाधपा मारलं तरी पत्ता नाही. पण ओटीच्या फळ्यांवर तळहात टेकून त्या बसायच्या. आमची गाडी खालच्या वळणावर आली की फळ्या घुमायच्या, आणि आजी चहाचं पाणी ठेवायला उठायच्या. अख्ख्या खोऱ्यात त्यांना न बोलावता कळणारा पाहुणा एकच.

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. एका वर्षी ते माझ्या जोडापर्यंत पोचलं. जोड हिरवा पडला, माझ्या अंगाला तडा गेला आणि मी बंद पडले.

मित्रांनो, मी बंद पडले आणि गाडी चालत राहिली. याहून वाईट काही नसतं. पेट्रोल थोडं जास्त लागायला लागलं, चढावर धाप लागायला लागली. ओशोसान म्हणाले, "वय झालं." कोणाचं ते म्हणाले नाहीत.

उन्हाळ्यात हात्सुनो आजी त्यांना म्हणाल्या, "ओशोसान, तुमच्या गाडीचा एक आवाज गेलाय बरं का."

"कुठला हो आजी?"

"दोन यायचे. एक, आणि त्याच्या पाठोपाठ अजून एक. हल्ली पहिलाच येतो. मग मी आपली वाट बघत बसते."

हे मला बॉनेटखाली ऐकू आलं. रडता आलं असतं तर रडले असते, पण आधीच ओल लागलेली.

घरी आल्यावर ओशोसाननी बॉनेट उघडलं आणि प्लगवरच्या चारही वायरी काढून साफ केल्या. अदलाबदल नको म्हणून आधी प्रत्येकीला कागदी पट्टी लावून कुंचल्यानं एकेक शब्द लिहिला होता. दोघींवर 'पुढे', दोघींवर 'मागे'. अक्षर इतकं सुंदर की शंका घ्यायला जागा नव्हती. मग त्यांच्या कमरेत उसण भरली, आणि शाळासोबती तोकुनागा मेकॅनिकला बोलवावं लागलं. त्यानं पट्ट्या वाचून वायरी बसवल्या, किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं नाही. धुराड्यातून असा बार निघाला की शेजारचे काका उदबत्त्यांचा पुडा घेऊन आले आणि "कोण गेलं?" असं हळूच विचारून बसून राहिले.

देवळाच्या समितीचे अध्यक्षही आले. "ओबोनपर्यंत चालू झाली तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर भंगारात. पितर घरी यायचे दिवस, तुम्ही पायी फिरणार का? पांढरी छोटी गाडी बघून ठेवलीय. आवाजच नाही तिला."

"आवाजच नाही?" ओशोसाननी विचारलं, आणि वरच्या घराकडे बघितलं.

ओबोनच्या आदल्या दिवशी तोकुनागा पुन्हा आला, सोबत त्याची मुलगी चिसातो. तीही मेकॅनिकच.

"टकल्या, तुझ्या अक्षराप्रमाणे एकूणएक वायर बसवलीय," तोकुनागा म्हणाला. "'पुढे' लिहिलंस त्या आधी पेटणाऱ्या प्लगांना, 'मागे' त्या मागून पेटणाऱ्यांना."

"पेटण्याचा काय संबंध? पुढे म्हणजे नाकाकडचा मुटका."

"मग नाक लिहायचं."

"देवळाच्या कुंचल्यानं नाक लिहू?"

"अरे, पुढे म्हणजे जागेनं की वेळेनं?"

"वेळेनं म्हटलं तर पुढचा म्हणजे नंतरचाच झाला ना, गाढवा."

दोघंही पट्ट्या पुन्हा वाचू लागले. उदबत्तीवाले काकाही विचारात पडले. चिसातोनं तोवर दोन वायरींची अदलाबदल करून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पण एकाच आवाजात.

"बाबा, मागची कॉइल मेलीय," ती म्हणाली. "तडा गेलाय, वीज बाहेरच सांडतेय. दोन्ही जुन्या काढू. चार नव्या बसवते, प्रत्येक प्लगला त्याची त्याची."

अशी मी निघाले. आधीच्या कॉइलला चिसातोनं दुसऱ्या गाडीसाठी नेलं. ती अजून चांगली होती. निरोपाचं बोलणं झालं नाही. सवयच नव्हती.

मला ओशोसाननी झग्याच्या रुंद बाहीत टाकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चढ चढलो, मी पहिल्यांदाच प्रवासी म्हणून. ओटीवर आजी उभ्या होत्या आणि चहा तयार होता.

"आला बाई दुसरा," त्या म्हणाल्या. "पण थोडा निराळाय."

"नवीन आहे," ओशोसान म्हणाले, आणि मला बाहेर काढलं. "आधी हिचा होता."

आजींच्या देव्हाऱ्यापुढे पितरांसाठी काड्यांचे पाय लावलेली दोन जनावरं उभी होती. काकडीचा घोडा, कारण आजोबांनी लवकर यावं. वांग्याची गाय, कारण त्यांनी परत सावकाश जावं. आजींनी मला वळवून वळवून पाहिलं. म्हणाल्या, "मागून येणारी ना? मग हिची जागा इथे," आणि मला गाईशेजारी ठेवलं.

हे माझं दुसरं कौतुक.

ओबोन संपल्यावर घोडा आणि गाय नदीत गेली. मलाही सोडायचं ठरत होतं, पण मी बुडेन असं ओशोसान म्हणाले. देव्हाऱ्यापुढच्या फळीवर आता मी एकटीच आहे. आजोबाही गेले, सावकाश.

मित्रांनो, पट्टीवर लिहाल ते पूर्ण लिहा. आणि एखादं कोणी बंद पडूनही गाडं चालत राहिलं, तर ते नसलं तरी चालतं असं समजू नका. हात टेकून बघा.

महिन्यातून एकदा खालच्या वळणावर गाडी येते. आजी फळ्यांवर तळहात टेकतात. पहिला आवाज येतो. मग आम्ही दोघी दुसऱ्याची वाट बघतो.