गाडी मागे घे

पाऊस पडला की अमरातच्या लोकांच्या अंगात येतं. मस्कतच्या डोंगरांमागचं हे शहर, वर्षाकाठी चार ढग फिरकले तरी डोक्यावरून पाणी. त्यामुळे आभाळ भरलं की इथे कुणी छत्री शोधत नाही, गाडीची किल्ली शोधतो आणि वादीला, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या कोरड्या नदीला, पाणी आलं का ते बघायला सुटतो. एरवी त्याच कोरड्या पात्रात पोरं फुटबॉल खेळतात, म्हणून तिची कुणाला भीती नाही.

झुवैनाला होती. बायकांना गाडी शिकवण्यात तिची उमर गेली होती आणि आज नवरीची गाडी तिच्या हातात होती. नवरी म्हणजे तिची धाकटी बहीण रय्या, मागच्या सीटवर हिरव्या ओढणीखाली गप्प बसलेली. सासरच्या उंबऱ्यापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं सालमाआत्यानं तिला बजावलं होतं. आत्या तिच्या शेजारी, मांडीवर हलव्याचं पातेलं धरून. मागे वऱ्हाडाच्या पाच-सहा गाड्या, बहुतेक बायकाच चालवणाऱ्या, आणि सगळ्यांचे चारी दिवे लुकलुकतायत. थोडे लग्नाचे म्हणून, थोडे पावसाचे म्हणून.

"अरे, दिवे कसले लावलेत! थांबलंय कोण आणि चाललंय कोण, कळायचं कसं?" झुवैना आरशात बघून चरफडली.

रस्ता खडक कापून वादीत उतरत होता. दोन्ही बाजूंना कातळ, गाडी वळवायला जागा नाही. पलीकडच्या काठावर नवऱ्याचं घर, तिथे मांस शिजून तयार, आणि अख्खी वस्ती नवरीची वाट बघत ताटकळलेली. झुवैनाचा भाऊ खल्फान पुढच्या गाडीत होता. तो थांबलाच नाही. दोन्हीकडे पाणी उडवत पार झाला आणि लगेच त्याचा फोन आला.

"ये गं! चाकसुद्धा बुडत नाही. डोळे मिटून ये!"

"डोळे मिटूनच गेलास तू," झुवैना म्हणाली आणि पाण्याच्या अलीकडेच ब्रेक दाबला.

पाणी मोजायच्या खांबावर पाणी अजून पांढऱ्या पट्ट्यात होतं. लाल पट्टा वर कोरडा होता. नियमानं बघितलं तर जायला हरकत नव्हती. पण मघापर्यंत नितळ वाहणारं पाणी तिच्या डोळ्यांदेखत गढूळ झालं. त्यावरून बाभळीच्या काटक्या आल्या आणि पाठोपाठ शेळ्यांच्या लेंड्या. शेळ्या चरतात ते वर डोंगरात. म्हणजे डोंगराचं पाणी निघालं होतं, आणि ते काही खांबाला विचारून येणार नव्हतं.

"जायचं नाही," ती म्हणाली.

"वेड लागलंय का?" आत्या उसळली. "नवरी अर्ध्या वाटेवरून परत? तिचे सासरचे आयुष्यभर ऐकवतील तिला!"

"ऐकवू देत. ऐकायला ती जिवंत तर राहील."

ती भर पावसात उतरली. अंगाला चिकटलेला अबाया एका हातानं आवळत ती थेट शेवटच्या गाडीपर्यंत चालत गेली, कारण मागे जायचं तर सुरुवात शेवटापासूनच करावी लागते. प्रत्येक काचेवर टकटक करून तिनं तेच सांगितलं. "चारी दिवे बंद. आरसा बघ, मान वळव, मग गिअर. गिअर पडेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. आणि रडायचं नंतर."

शेवटच्या गाडीत लतीफा होती, तिचीच शिष्या. "मॅडम, लायसन्सच्या वेळी पिंपांमधून गाडी मागे घ्यायची परीक्षा दिली, त्यानंतर मी एवढी मागे घेतलीच नाही कधी!"

"मग आज पुन्हा परीक्षा समज. चल!"

एकेक गाडी सरपटत मागे चढ चढली. झुवैनाची सर्वांत शेवटी. तिनं माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा डोंगराच्या बाजूनं घरघर ऐकू यायला लागली होती, दगडांवर दगड घासल्याची. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"झुवैना, अझ्झान निघालाय!" खल्फानचा आवाज आता चिरकला होता. "म्हणतो, माझी बायको मीच आणतो. कुणाचं ऐकेना!"

पलीकडच्या उतारावर दोन दिवे खाली येत होते. अझ्झान म्हणजे नवरा. इकडच्या गाड्या तिनं दटावून मागे घेतल्या होत्या, पण पलीकडच्या काठावर तिचं काय चालणार?

"त्यालाही याच कॉलवर घे!" ती ओरडली.

"हॅलो, काळजी करू नका," अझ्झानचा आवाज आला, चांगलाच चढलेला. "असल्या वाद्या मी लहानपणापासून पार करतोय. सगळी पोरं बघतायत, आता काय मागे फिरू?"

"अझ्झान, अरे पाणी येतंय—"

"दोन मिनिटांत पोचतो!"

मागून एक हात आला आणि मेंदी ओली होती की सुकली याची पर्वा न करता त्यानं फोन उचलला. हिरवी ओढणी खांद्यावर घसरली होती.

"रय्या!" आत्या दचकली. "बोलू नकोस!"

"अझ्झान, मी बोलतेय," रय्या म्हणाली. "गाडी मागे घे."

पलीकडचे दिवे पाण्याच्या कडेला येऊन थबकले.

"पोरं हसतील तर हसू देत. मला तुझ्या घरी यायचंय, तुझ्या मयताला नाही. आरसा बघ, मान वळव, मग गिअर. घे मागे."

तिचा आवाज जराही हलला नाही. हीच मुलगी त्या पिंपांच्या परीक्षेत चार वेळा नापास होऊन रडत घरी आली होती.

दिवे थोडा वेळ तसेच राहिले. मग तोंड इकडेच ठेवून ते हळूहळू लहान व्हायला लागले. निम्मा चढ चढले असतील तोच वादी आली. पाणी कसलं, झाडं आणि दगड घेऊन एक तपकिरी भिंतच चालत आली. मोजायचा खांब एकदा वाकलेला दिसला, मग दिसलाच नाही. अझ्झान मघाशी जिथे थांबला होता ती जागाही गेली.



"वर आलो," फोनमधून अझ्झान म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आता काय करू?"

"आता हँडब्रेक लाव," रय्या म्हणाली, "आणि पाणी उतरेपर्यंत माझी वाट बघ."

आत्यानं पातेल्याचं झाकण काढलं आणि हलव्याचा पहिला घास नवरीला भरवला. दुसरा तिनं पुढे केला, पण झुवैनाला तो घेता येईना. स्टिअरिंगवर डोकं टेकून ती ढसाढसा रडत होती.