शेवटच्या बाकावरचा हात

आमचा काका कुलुपवाला. आठवडाभर दुकानात चाव्या घासायचा आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा उगवायचे, बाकीचे रविवार काकाचे. आवाज असा, की पहिल्या बाकावरचे लोक कानात कापूस घालून येतात, असं मी गावभर सांगत फिरायचो.

त्याचा लाडका संदेष्टा एलीया. लहानपणी संडे स्कूलमध्ये तो आम्हा पोरांना बआल नावाच्या खोट्या देवाचे पुजारी करायचा. आम्ही टेबलाभोवती नाचायचं आणि आभाळातून आग मागायची. हा एलीया होऊन कमरेवर हात ठेवून चिडवणार, "अजून ओरडा की रे. तुमचा देव झोपला असेल. नाहीतर प्रवासाला गेला असेल. नाहीतर संडासात असेल, कडी वाजवा." देवाचा माणूस एवढा वात्रट असू शकतो हे कळलं, आणि माझी श्रद्धा जी बसली ती आजतागायत जागची हललेली नाही.

काकूला कमी ऐकू यायचं, तरी बसायची हट्टाने शेवटच्या बाकावर. काका म्हणायचा, "पुढे बस ना."

"पुढे बसले तर तू माझ्यापुरतंच बोलशील. मागचे काय उपाशी जातील?"

ऐकू आलं नाही की ती रुमालासकट हात वर करायची. काका आवाज चढवायचा. एकदा तो म्हणाला, "अगं, एलीयाशी देव किती हळू बोलला, वाच जरा."

"देव हळू बोलला तर चालतं. तू देव नाहीस. मोठ्याने बोल."

हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं.

काकू गेली आणि काकाने दार लावून घेतलं. लोकांची कुलपं उघडणारा माणूस स्वतःच आत बसला. दुकान बंद, चर्च बंद. गायनमंडळातली मावशी आली, खजिनदार आला, पाळकसाहेबही येऊन गेले. सगळ्यांनी बंद दारातून वचनं ऐकवली. आतून एकच उत्तर, "मला पाठ आहेत." शेवटी पाळकसाहेब म्हणाले, उपदेशाला आता दुसरं कोणीतरी बघू. काकाचा उपदेश सुटला तर काका उरतो किती?

बायको म्हणाली, "तू तिथे जाऊन काही उद्योग करू नकोस." म्हणजे जायलाच हवं होतं.

सकाळी माझ्या बेकरीतला पहिला घाणा काढला, गरम पाव फडक्यात बांधले आणि काकाच्या खिडकीखाली उभा राहिलो. कमरेवर हात ठेवले.

"अजून ओरडा की रे. काका झोपला असेल. नाहीतर प्रवासाला गेला असेल."

समोरचा इस्त्रीवाला इस्त्री उचलून बघत राहिला.

"नाहीतर संडासात असेल. कडी वाजवू का?"

खिडकी उघडली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "मेल्या, लोक बघतायत. वर ये."

मी पाव ठेवले, तांब्यात पाणी भरून ठेवलं आणि गप्प बसलो. गप्प बसायला मला किती त्रास होतो ते बायकोला विचारा. काका खात गेला. खाता खाता खुर्चीतच झोपला. मी त्याच्या चाव्यांचा जुडगा घेऊन एकेक चावी टेबलावरच्या एका कुलपात घालून बघत बसलो, एकही लागली नाही.

ऊन टेबलावर आलं तेव्हा तो जागा झाला. "अजून आहेस?"

"राणीला घाबरून पळालेला एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला दोनदा खायला घातलं होतं. उरलेले पाव संपव."

"आणि वचन?"

"ते तुझं खातं. माझं पावाचं."

तो हसला, मग डोळे पुसले. "देवावर राग नाही रे माझा. पण शेवटचा बाक रिकामा आहे. आता मोठ्याने बोलू कुणासाठी?"

मी उरलेला पाव पुढे सरकवला.

रविवारी काका आला. दाढी केलेली, कोट जरा ढगळ झालेला. उपदेशाला उभा राहिला आणि एलीयाच काढला. देव वाऱ्यात नव्हता, भूकंपात नव्हता, आगीत नव्हता, त्यामागून आलेल्या हळू आवाजात होता. पण आवाज असा खाली, की माणसं माना पुढे काढून ऐकत होती. मावशी शेजारणीला म्हणाली, "किती शांतपणे बोलतायत." शांत कसला, आवाज बुडत चालला होता.

मी शेवटच्या बाकावर काकूच्या जागी बसलो होतो. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. बेकरीवाल्याचे कान फार तीक्ष्ण, पाव फुलतानाही ऐकू येतो. मी खिशातून रुमाल काढला आणि हात वर केला.

काका थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. सगळं चर्च मागे वळलं. मी हात खाली घेतला नाही.

त्याने घसा साफ केला. पुढचं वाक्य असं आलं, की पहिल्या बाकावरच्या खजिनदाराच्या हातातून गाण्यांचं पुस्तक पडलं.

बाहेर पडताना काका माझ्याजवळ आला. "कान दाखव डॉक्टरला."

"दाखवतो की," मी म्हणालो. "पुढचा रविवार होऊन जाऊ दे."