दोन कडव्यांमधली जागा

घरी तिला वावटळ म्हणत. चहा गाळायच्या आधी हिचा पिऊन झालेला असतो, असं दादा सांगायचा. आई म्हणायची, जन्मतानासुद्धा हिनं डॉक्टरांना हातमोजे चढवायला वेळ दिला नाही. सगळं हसण्यावारी जायचं, आणि तीही हसायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तिची जुन्या आवाजांच्या संग्रहात संशोधनाच्या उमेदवारीसाठी निवड झाली, तेव्हा दादानं एवढंच विचारलं होतं की ही आता त्या म्हाताऱ्या आवाजांना आपल्यामागं पळवणार आहे का.

संग्रह म्हणजे तळघरातल्या दोन खोल्या. एक थंडगार, तिथं टेपच्या फितींचे डबे छतापर्यंत रचलेले. दुसरीत फीत वाजवायचं जुनं धूड, शेजारी कॉम्प्युटर आणि एक खुर्ची, जिच्यावर बसलं की ती कुरकुरायची. मशीन सांभाळणाऱ्याला सगळेच काका म्हणत, कामाची जबाबदारी असलेल्या मॅडमसुद्धा. उमेदवारानं करायचं ते असं: जुन्या फितीवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचा, त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या आणि मॅडमच्या इंटरनेटवरच्या प्रदर्शनात तो ठेवायचा.

वावटळीच्या वाट्याला आलेली फीत कपडे शिवण्याच्या कारखान्यातली होती. फार वर्षांपूर्वी एक हौशी मास्तर आवाज भरायचं मशीन खांद्याला लावून तिथं गेले होते आणि शिवता शिवता बायका जी गाणी म्हणत ती त्यांनी भरून आणली होती. मास्तर गेले, कारखाना गेला, राहिली ती फीत. तीही धड नव्हती. तिच्यावरचा लेप चिकट झाला होता. काकांनी ती ऊबदार कपाटात दिवसभर मंद शेकली आणि मग हातात घेऊन सांगितलं की आता ही एकदाच बोलेल, वाजता वाजता लेप झडून जाईल. तेव्हा वाजेल तोवर हेडफोन कानावरून काढायचा नाही. आणि कॉम्प्युटरवर जी मूळ फाइल तयार होईल तिला हात लावायचा नाही, काटछाट करायची ती नकलेवर. एवढं बोलून काका दुखरी दाढ गालात धरून डॉक्टरकडे गेले.

पहिलं गाणं तिनं खरंच मन लावून ऐकलं. मग मैत्रिणीचा मेसेज आला. त्याला उत्तर गेलं, उत्तराला प्रत्युत्तर आलं, आणि हेडफोन कधी घसरून गळ्यात आला ते तिला कळलंही नाही. कळलं असतं तरी काय, पडद्यावर आवाज दिसतच होता. गाणं सुरू असलं की उंच डोंगर, थांबलं की खुरटी झुडपं. डोंगर येत होते, झुडपं येत होती, फीत फिरत होती, आणि मशीनखाली तांबूस भुकटी साचत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं झुडपं उपटली. दोन कडव्यांच्या मध्ये जे काही बुटकं, खडबडीत दिसलं ते ऐकायच्या फंदात न पडता नजरेनंच हेरून कापलं आणि कडव्याला कडवं जोडलं. मागची यंत्रांची खडखड पुसून काढली. नक्कल करायची राहिली; एकाच गोष्टीच्या दोन-दोन फाइली कशाला, असं तिच्या मनात आलं होतं खरं. संध्याकाळपर्यंत काम तयार; त्यातलं शेवटचं गाणं तिनं प्रदर्शनासाठी दिलं. मॅडम ऐकून खूश झाल्या, बाई एका दमात गायल्यासारखी वाटते म्हणाल्या. प्रदर्शन उघडलं. गाण्याखाली तिचं नाव झळकलं. ज्या दादानं जन्मात कौतुक केलं नव्हतं त्यानं ते मावशीपासून आत्याच्या नणंदेपर्यंत सगळ्यांना पाठवलं.

आणि मग एक दिवस ते आजोबा तळघराच्या पायऱ्या उतरून आले.

पांढरा सदरा असा कडक की बाहीची घडी बोटाला लागावी. मधली काही वर्षं सोडली तर त्याच कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य इस्त्री केली होती. सूनबाईनं फोनवर गाणं लावलं आणि जेवता जेवता त्यांचा हात थांबला होता. गाणारी त्यांची बायको होती. तिला जाऊनही आता बरेच दिवस झाले होते.

वावटळीनं लगबगीनं खुर्ची दिली आणि गाणं लावायला घेतलं, तर त्यांनी हात वर केला.

"गाणं नको, पोरी. ते ऐकलं मी. मला त्याच्या मधलं पाहिजे."

मधलं म्हणजे काय, ते त्यांनी हळूहळू सांगितलं. मास्तर गाणी भरायला आले तेव्हा त्यांनी दूर गावी, चांगल्या पगाराचं काम धरलं होतं, काही वर्षांसाठी. बायकोला विचारलं नव्हतं. तिला ते शेजारणीकडून कळलं आणि घरात अबोला सुरू झाला. ताट समोर येई, शब्द येईना. निघायच्या दिवशी ते शिवणाच्या दालनात तिला भेटायला गेले. मास्तर तिच्यासमोर माइक धरून बसले होते आणि ती गात होती. दारात यांना पाहून ती कडवं संपवून थांबली. यांच्याकडे बघून काहीतरी बोलली. किती दिवसांनी बोलली. पण भोवती सगळी यंत्रं धडधडत होती, एक अक्षर पोचलं नाही. जवळ जावं, विचारावं, तर सगळ्या बायका बघत होत्या. त्यांनी मान हलवली आणि ते निघाले.

"परत आलो तेव्हा तिनं एकदाच विचारलं, त्या दिवशी मी बोलले ते लक्षात आहे ना. मी हो म्हटलं." आजोबांनी सदऱ्यावर नसलेली चुणी सरळ केली. "नुसती बघत राहिली. नंतर कधी विषय काढला नाही. मलाही मग विचारायची सोय राहिली नाही. पण माइक तर तिच्या तोंडाशीच होता."

मधलं म्हणजे वावटळीनं उपटलेली झुडपं. उद्या या, शोधून ठेवते, असं ती म्हणून गेली.

काकांना तिनं सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी थंड खोलीतून डबा आणला, फीत पुन्हा मशीनवर चढवली आणि दोघांनी कान लावले. पिठाच्या रिकाम्या डब्यात हात फिरवावा तशी खरखर होती, बाकी काही नाही. कॉम्प्युटरचे कोपरे धुंडाळले. मूळ फाइलच्या जागी तिनंच कापलेली फाइल बसली होती. काकांनी मशीन बंद केलं आणि फडक्यानं तांबूस भुकटी पुसू लागले. बराच वेळ पुसत होते.

रात्री ती ताटातला भात चिवडत बसली. दादानं टोमणा तयार ठेवला होता, पण तिचं तोंड बघून गिळला. आईनं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सांग की, लवकर या म्हणाली म्हणून. दुसरं काय म्हणणार बाई? तेवढंच त्यांना बरं वाटेल." आई मायेनंच बोलली होती. त्या वाक्यानं तिला झोपही लागली.

आजोबा आले. आज सदरा निराळा, कडकपणा तोच. मधलं कापलं गेलंय आणि फीत संपलीय, हे तिनं एका श्वासात सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग जणू तिलाच धीर द्यावा तसं म्हणाले, "असू दे. पण तू तर ऐकलं असशील. फीत वाजत होती तेव्हा तू इथंच होतीस ना?"

लवकर या. दोन शब्द जिभेच्या टोकावर होते. जपून जा, हेही चाललं असतं. कुठलाही शब्द चालला असता. त्यांनी तो रुमालात बांधून घरी नेला असता, उशाशी ठेवला असता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला दिसलं की हे आपल्यावर विश्वास ठेवायला बसलेत. म्हणूनच तिला ते बोलवेना.

"नाही ऐकलं, आजोबा. हेडफोन गळ्यात होता. मी फोनवर मैत्रिणीशी गप्पा मारत होते."

खुर्ची कुरकुरली. ते म्हणाले, "म्हणजे दोनदा बोलली बिचारी."

मग त्यांनीच गाणं लावायला सांगितलं. आवाज उमटला, कोवळा, थोडा दमलेला:

सुई पुढं पुढं जाई, दोरा मागं मागं येई
जीव लावलेलं माणूस सांगितल्याविना जाई

आणि श्वासही न घेता, लगेच:

टाक्याला टाका जोडी, शिवण झाली सारखी
कुठं फाटलं होतं गं, आता हुडको पारखी

वावटळ पहिल्यांदा ते गाणं ऐकत होती. पडद्याकडे पाठ करून ऐकत होती. पहिलं कडवं जड होतं, दुसऱ्यात आवाज हलका झाला होता, शेवटच्या शब्दाला तर थोडी थरथर, हसू दाबल्यासारखी. तिचा जीव भांड्यात पडायला आला. तिनं पुन्हा लावलं, त्यांना ती जागा दाखवली. बघा ना आजोबा, तुमच्याशी बोलल्यावर खुलल्यात त्या. काहीतरी गोड बोलल्या असणार.

आजोबांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं.

"तुला तिचा आवाज माहीत नाही, पोरी. रडू दाबलं की ती अशीच गायची."

वर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थंड खोलीच्या दारामागं यंत्र गुरगुरत राहिलं. कौतुकाचे सगळे मेसेज, गाण्याखालचं नाव, सगळं तिला कुणा दुसरीचं वाटायला लागलं. ती माफ करा म्हणाली. त्यांनी मान डोलावली, पण ती माफ केल्याची होती की नुसतीच, हे तिला विचारता आलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं की हे गाणं घरी नेता येईल का. येईल, ती म्हणाली, आत्ता देते.

"मग एक कर. हे असं सलग नको. ती सलग गायली नव्हती. मध्ये जागा सोड."

किती सोडू, तिनं विचारलं. सांगायला त्यांच्याकडे आकडा नव्हता. ते उठून दारापाशी गेले आणि उंबऱ्यावर उभे राहिले. तिथून आत बघू लागले, खुर्चीच्याही पलीकडे, भिंतीच्याही पलीकडे. तिनं मोजायला सुरुवात केली. त्यांचे ओठ किंचित हलले. इस्त्रीनं राठ झालेला हात चौकटीवर गेला, एक पाऊल पुढं पडलं आणि थबकून मागं आलं. ती मोजता मोजता थांबली आणि नुसती बघत राहिली, आणि मग त्यांनीच बोट वर करून खूण केली की झालं, एवढंच होतं.

कापलेल्या जागी तिनं तेवढी शांतता जोडली. तिच्यात खडखड नव्हती, बाई नव्हती, काहीच नव्हतं. काम नीट झालंय का बघायला तिनं त्यांच्यासमोरच ती फाइल लावली. पहिलं कडवं संपलं. शांतता सुरू झाली. आजोबा मान तिरकी करून ऐकत होते, कारखान्यातल्या धडधडीत ऐकावं तसे, डोळे बारीक करून. ती संपत आली तशी त्यांनी मेजावर ठेवलेली टोपी उचलली, आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत ते पायऱ्या चढू लागले होते.