पालींची पेटी

पालीचं नाव काढलं तरी लोक झाडू शोधतात, आणि मी तीन आठवडे पालींसाठी घर करत होतो! हसा खुशाल. लेक एक रात्र माझ्याकडे राहणार असती तर मी मगरीलाही तळं खोदून दिलं असतं.

आम्ही नवरा-बायको वेगळे झालो त्याला दोन वर्षं झाली. लेक दर शनिवारी येते आणि दिवे लागायच्या आत आईकडे परतते. का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "बाबा, पाली एकट्या आहेत." दोन पाळल्या आहेत तिने, अंगावर ठिपके असलेल्या. शेवटी म्हटलं, "मग इथेच घेऊन ये की त्यांना!" तिने लगेच वहीच्या पानावर लिहून दिलं. पेटीचं एक टोक उबदार, दुसरं गार, दोन्हीकडे लपायला जागा, पुढे काच, वर जाळी. आणि खाली दोन रेघा मारून, आतून पॉलिश नको.

आता मी पडलो सुतार. कोरं लाकूड माझ्या हातून बाहेर गेलं म्हणजे नाक कापल्यासारखं. बाहेरून पॉलिश चढवलं, पेटी झळकली, आणि आतली कोरी फळी डोळ्यांत खुपायला लागली. एक हात फिरवला तर काय बिघडतंय? फिरवला. दोन दिवस वाळवला, वास गेला. तिला सांगायचं तरी कशाला?

शनिवारी ती पालींचा डबा आणि कपड्यांची पिशवी घेऊन आली. पिशवी बघूनच मला भरून आलं. पाली पेटीत सोडल्या, खाली ऊब देणारी विजेची पट्टी लावली. "बाबा, एक नंबर!" ती म्हणाली. तासाभरात फळी तापली आणि तो मेला वास पुन्हा सुटला. धाकटी पाल काचेला टेकून तोंड वासून पडली होती.

"आतून पॉलिश केलंस?"

फळीच तशी आली होती, असं अगदी जिभेवर आलं होतं. तिचा चेहरा पाहिला आणि खोटं बोलवेना. "केलं. तू लिहिलं होतंस तरी केलं."

तिने दोघींना डब्यात घेतलं आणि उघड्या खिडकीत जाऊन बसली. मी रागारागाने ती फळी उचकटून काढली. राग दुसऱ्या कुणावर काढणार? बऱ्याच वेळाने धाकटीने मान उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि डब्यात चालू लागली. माझा जीव भांड्यात पडला.

"चल, सोडून येतो तुला," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारपर्यंत कोऱ्या लाकडाची करतो."

"आज राहतील की डब्यात," ती म्हणाली. पिशवी उचलून ती खोलीभर पाहू लागली. "बाबा, मी कुठे झोपायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर किती लोकांच्या पोरांचे पलंग करून दिले, आणि माझ्या घरात तिच्यासाठी एक करावा, हे मला कधी सुचलंच नव्हतं.