पैलतीरी मामा केला

बाबांनी खुर्ची पुन्हा हलवली. आधी ती खिडकीशी होती, मग टेबलासमोर. आता त्यांच्या खुर्चीला अगदी चिकटून.

"इतकी जवळ?" मुलीनं विचारलं.

"नात्यातलं माणूस येतंय. दाराशी बसवू?"

जन्मभर बस चालवलेल्या या माणसाला गल्ली 'जनरल' म्हणायची. थट्टा होती ती, पण बाबांनी ती कोटासारखी अंगावर चढवली होती. नदीकाठी वेढ्यात सापडलेला तो नामांकित सेनापती म्हणजे त्यांचा खापरपणजा. शत्रूच्या सेनापतीनं त्याला अंधारात नदी ओलांडू दिली, कारण दोघं सख्खे मामा-भाचे, अशी गोष्ट. पुरावा काय, तर गाणं: पैलतीरी मामा केला, ऐलतीरी दादा आला. दादा म्हणजे तो खापरपणजा. उद्या पुलावर त्या दोघांच्या गळाभेट घेणाऱ्या पुतळ्यांचं अनावरण होणार होतं. हार घालायला भाच्याकडून बाबा, मामाकडून ही येणारी बाई.

"बाबा, त्या मामाला बहीणच नव्हती. मी सगळं धुंडाळलं."

"मानलेली असेल. नीट शोध."

मुलगी छापखान्यात प्रुफं तपासायची. चुकीचा शब्द कुठंतरी दडलाय असं वाटलं की तिला घास गिळवत नसे. गेले कित्येक दिवस ती अर्धपोटीच होती.

बाबांनी बिस्किटांचा पुडा फोडला, एक दाबून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"सादळलेली दिलीत. दुकानदारानं मामा केला माझा."

मुलीच्या हातातली बशी कपावर आदळली. ती वळली, तोच दारावर काठी वाजली.

बाई बाबांहून वयानं मोठ्या, निवृत्त नर्स. बाबा पुढं धावले.

"या, या. आता तुम्ही माझ्या मामी लागता की मावशी, ते हिलाच विचारा. माझं डोकं चालत नाही."

बाई हसल्या नाहीत. चिकटलेली खुर्ची थोडी मागं ओढून बसल्या.

"मी तेच विचारायला आलेय. नातं होतं का? खरं सांगा."

"म्हणजे काय, गाणंच आहे की."

"ते गाणं नदी ओलांडून आमच्या छावणीतही आलं," बाई म्हणाल्या. "मामा म्हणे. भाच्याला सोडलं म्हणे. आमच्याच लोकांनी त्यांना गोळी घातली. शाळेत पोरं मला फितुराची म्हणायची. माझ्या बापाला म्हणायची, त्याच्या बापालाही."

जिंकलेल्या सैन्याला गाणी सुचतात. हरलेल्या सैन्याला भिंतीशी उभा करायला एक माणूस लागतो. पुतळे घडवणाऱ्यांना यातलं काहीच कळत नाही, आणि कळलं तरी दगड आणून पडलेला असतो.

बाबांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पण आता मान मिळतोय ना," ते म्हणाले. "दोन्ही घरं एक होतायत. आं?"

 बाई मुलीकडं बघत होत्या. मुलगी बापाकडं. या माणसाचा 'जनरल' काढून घेतला तर खाली काय उरतं, हे तिला माहीत होतं: एक गुडघेदुखी आणि हा कोट.

तिनं बिस्किटांची बशी उचलून बाबांसमोर धरली.

"बाबा, मघाशी या बिस्किटांचं काय म्हणालात?"

"हे काय मध्येच? सादळलीत म्हटलं. दुकानदारानं मामा…"

ते थांबले. बशीकडं बघत राहिले. ओठ हलले, आवाज नाही. गाण्याची ओळ मनातल्या मनात म्हणून पाहत असावेत. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली गल्लीतून कुणीतरी हाक मारली, "काय जनरल!" त्यांनी हात वर केला नाही.

"फसवलं," ते काचेकडं तोंड करून म्हणाले. "आमच्यानं तुमच्याला फसवलं, बाई. सोडलं नाही त्यांनी. मामा केला त्यांचा. एवढंच आहे ते."

बाईंची काठी जमिनीवर पडली. कुणी उचलली नाही.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

बाबा वळले. कोट नीट केला आणि पुन्हा म्हणाले.