सातव्या खान्यातली शाई

मी एक जुना टिपकागद आहे. एके काळी गुलाबी होतो. आता माझा रंग विचारू नका.

मित्रांनो, टाकानं लिहिलं की अक्षर ओलं राहतं. त्यावर मला दाबलं की जास्तीची शाई मी पिऊन टाकतो. एवढंच माझं काम. जन्मभर मी दुसऱ्यांचं उष्टं प्यालो. खरं होतं ते प्यालो, खोटं होतं तेही प्यालो. त्या खोट्याची किळस अजून गेलेली नाही, म्हणून बोलतो आहे.

आधी माझ्या दोन खोडी सांगतो. मी सगळं उलटं वाचतो. उर्दू माझ्यावर डावीकडून उजवीकडे धावते आणि मराठी उजवीकडून डावीकडे. दुसरं म्हणजे, लिहिणारा पान संपल्यावरच मला दाबतो. तोवर वरच्या ओळी वाळलेल्या असतात. मला मिळते ती शेवटची ओळ. म्हणून माझी गोष्टही तुटक येईल. गाळलेल्या जागा मी भरणार नाही. गाळलेल्या जागा भरणाऱ्यांचाच मला वीट आला आहे.

…………

जन्म चिंध्यांचा. कुणाचं धोतर, कुणाचं लुगडं, सगळं भिजवून, कुटून, लगदा करून मला बनवलं. जालन्याच्या एका दुकानातून बद्रीनाथरावांनी मला विकत घेतलं, ते १९३५ साल होतं.

बद्रीनाथराव टेंभुर्णीकडच्या शेतकरी घरातले. लहानपणी मदरशात, म्हणजे सरकारी उर्दू शाळेत, दोनदा नापास झाले, कारण मास्तर काय बोलतात तेच त्यांना कळत नसे. पुढे जिद्दीनं उर्दू शिकले, हैदराबादेत पदवी घेतली. मग सरकारच्या तालीम, म्हणजे शिक्षण, खात्यानं त्यांना काम दिलं. खेड्यातली मुलं मदरशात का टिकत नाहीत, याची तहकीकात करायची, म्हणजे शोध घ्यायचा. गावोगाव हिंडायचं, विचारायचं, लिहायचं. त्यांच्या लिहिण्यावरून वरचे लोक धोरण ठरवणार होते. जालन्यातच मस्तगडमध्ये घर केलं होतं. बायको उषाबाई. वहीत माझी घडी.

त्यांनी मला पाजलेली पहिली ओळ अशी होती:

…म्हणून नापास मूल होत नाही, मदरसा होतो.

गोड शाई होती ती. खोटं कशाला बोलू?

…………

१९३७ च्या हिवाळ्यात आम्ही टेंभुर्णीच्या वाटेवरच्या एका वाडीत गेलो. मेंढपाळांची वाडी. नाव सांगत नाही. वही घेतलेला माणूस येतो आहे म्हटल्यावर बायांनी पोरं मेंढवाड्यात लपवली. बिरू नावाचा एक मेंढपाळ तेवढा समोर आला. तो बद्रीनाथरावांना म्हणाला, ‘‘साहेब, मोजायचं तर मेंढरं मोजा. लेकरं मोजून कुठं नेऊन राह्यले?’’

त्याची बायको बायनाबाई मागून म्हणाली, ‘‘नेऊ द्या की. दोन दिवस खाऊ घालतील, मंग आपणच आणून सोडतील.’’

बद्रीनाथराव हसले. कागदातून मला त्यांचं पोट हललेलं कळलं.

मदरसा म्हणजे मारुतीच्या देवळाची ओसरी. मुदर्रिस, म्हणजे शिक्षक, होते रामराव. खात्यानं दर मदरशाला एक तक्ता पाठवला होता. त्यात सातवा खाना ‘मादरी जबान’. मादरी जबान म्हणजे आईची भाषा. रामरावांनी एक्केचाळीस मुलांपुढे एकच शब्द भरून तक्ता दोन वर्षांपूर्वीच वर पाठवला होता. त्याची नक्कल त्यांनी काढून दाखवली.

उर्दू. उर्दू. उर्दू. एक्केचाळीस वेळा उर्दू.

त्या वाडीत एका घरातही उर्दू बोलत नव्हते. बद्रीनाथरावांनी विचारलं, हे काय? रामरावांनी अगदी खात्रीनं सांगितलं, ‘‘बराबर हाय ना साहेब. मदरशाची जबान उर्दूच हाय.’’

त्यांनी ‘मादरी’ हा शब्द ‘मदरशाची’ असा वाचला होता. परीक्षेपुरतं उर्दू शिकलेला माणूस. घाईत वाचलं तर ते दोन शब्द भावाभावांसारखे दिसतात. चूक कळली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, जबान मागितली होती, मी दिली. आता नोकरी जाईल का, एवढं सांगा.

मित्रांनो, ही साधी चूक नव्हती. ज्या गावात बहुतेक मुलांच्या आईची भाषा मराठी, तिथं मराठीतून शिकवणारा मास्तर द्यावा, असं खात्यात तेव्हा घाटत होतं. सातव्या खान्यातल्या त्या शब्दामुळे या वाडीला तो मास्तर मिळणार नव्हता.

बद्रीनाथराव घरोघर गेले. बायनाबाईची लेक सगुणा तीन महिने मदरशात जाऊन घरी बसली होती. ‘हाजिर जनाब’ एवढंच ती शिकली होती आणि बकऱ्यांनाही तेच म्हणायची. लेकीला शाळेत का घालत नाही, असं विचारल्यावर बायनाबाई चिडली नाही. ती म्हणाली, ‘‘मेंढराला सुदिक आपल्या धन्याची हाक कळती. दुसऱ्यानं हाकारलं तर ते जागचं हलत न्हाई. त्याला काय येडं म्हणायचं का?’’

बद्रीनाथरावांनी ते तिथंच बसून लिहिलं. बायनाबाई म्हणाली, काय लिवलं ते वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. ती कान देऊन ऐकत होती. ‘‘बिलकुल हेच,’’ ती म्हणाली. ‘‘यातलं काय कमी करू नका.’’

…वाडीची भाषा मराठी. मराठी मास्तर तातडीनं द्यावा.

ही ओळ मी अजून जपून ठेवली आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यात आहे.

…………

[इथं शाईचा मोठा डाग आहे. खात्यातल्या साहेबाच्या मेजावर दौत कलंडली, त्याचा.]

साहेब रागीट नव्हता. चहा मागवला. त्यानं समजावून सांगितलं की एक्केचाळीस मुलांचा तो आकडा सालीना किताबात, म्हणजे वार्षिक अहवालात, छापून गेला आहे. आता तो खोटा म्हटला तर बाकीचे आकडेही लोक तपासायला मागतील.

‘‘छापलेलं चुकत नसतं, बद्रीनाथ. चुकते ती रयत. मुलं का येत नाहीत याचं दुसरं कारण शोध.’’

दुसरं कारण शोधायला बद्रीनाथरावांना कुठं जावं लागलं नाही. त्यांनी तिथंच टाक बुडवला.

…पालकांना तालीमची रगबत नाही.

रगबत म्हणजे ओढ. दौत तीच, शाई तीच, हात तोच. पण मला ती शाई नासलेल्या दुधासारखी लागली. थुंकता आली असती तर त्याच मेजावर थुंकलो असतो. टिपकागदाला तोंड नुसतं प्यायला असतं.

इथून पुढे मी त्याला राव म्हणणार नाही.

…………

बद्रीनाथला बढती मिळाली. रगबत नाही, हे वाक्य सुटसुटीत होतं. कुठल्याही गावाला बसायचं. त्यानं ते बसवलं. त्याचं वाचून इतरांनी उचललं. खात्याच्या परिषदेत त्याला हार घातला, त्या हाराच्या पाकळ्या वहीत ठेवल्या, माझ्या अंगावर. त्या कुजल्या तेव्हाचा वास शाईच्या वासापेक्षा बरा होता.

पुढच्या साली वाडीतला मदरसा बंद झाला. कारण मीच टिपलं: …रगबत नसल्याने. रामराव दुसऱ्या गावी गेले. त्यांची नोकरी शाबूत राहिली.

१९३९ मध्ये बायनाबाई दोन दिवस चालत मस्तगडला आली. मराठी मास्तर कधी येतो, ते विचारायला. सगुणा अजून वाट पाहती, म्हणाली. बद्रीनाथ आतल्या खोलीत होता, माझ्याच शेजारी. त्यानं उषाबाईंना खूण केली. उषाबाईंनी बाहेर जाऊन सांगितलं, साहेब परगावी गेलेत. मग त्या माउलीला त्यांनी भाकरी वाढली. दोघी खूप वेळ बोलल्या. जाताना बायनाबाईनं विचारलं, ‘‘त्यांनी वाचून दाखवलं तेच वर धाडलं ना, बाई?’’

उषाबाई हो म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

ती गेल्यावर उषाबाई आत आल्या. नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, ‘‘माझ्याकडून एक खोटं बोलून घेतलंत. दुसरं तरी खरं होतं ना?’’

बद्रीनाथनं वही मिटली. मी आत होतो. अंधार झाला.

…………

मग १९४८. सप्टेंबरात हैदराबादचं राज्य बदललं. सालाच्या शेवटी नव्या सरकारचं पत्र आलं: मराठी शाळा आधी कुठं उघडाव्यात, त्या गावांची यादी द्या. अनुभवी माणूस म्हणून बद्रीनाथला विचारलं होतं. साहेब निघून गेला होता. घाबरावं असं आता कुणी उरलं नव्हतं. बद्रीनाथनं जुना सालीना किताब उघडला आणि सातव्या खान्यात जिथं मराठी छापलं होतं, ती गावं तो उतरवू लागला. अक्षर फार सुंदर आहे त्याचं. उलटं वाचलं तरी सुंदर दिसतं.

उषाबाई जवळ बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, त्या वाडीचं नाव घातलं का?

‘‘छापील आकड्यात तिथं मराठी नाही,’’ तो म्हणाला.

उषाबाईंचा हात सुपात थांबला. ‘‘मंग ती बाई माझ्याशी दिवसभर कोणत्या भाषेत बोलली, अहो?’’

टाक थांबला. थेंब लोंबत होता. त्याला माहीत होतं, एक नाव लिहायचं. पण ते लिहिलं तर जुना अहवाल कुणी खोटा लिहिला, तेही लिहावं लागणार होतं. त्यानं थेंब दौतीच्या काठावर झटकला, यादीखाली सही केली आणि मला दाबलं.

मी सही प्यालो. वाडी त्यात नव्हती. जे लिहिलंच नाही, ते मला टिपता येत नाही.

…………

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. मी भरलो आहे, माझ्यात आता थेंबभरही जागा नाही. चुलीत घाला, चालेल. पण उद्या कुणी शहाणा माणूस वही घेऊन तुमच्या दारी आला, तुम्हाला मोजू लागला, तुमच्या आईची भाषा विचारू लागला, तर नुसतं उत्तर देऊन थांबू नका. काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हणा. आणि तिथंच थांबू नका. वर काय धाडलं तेही वाचून दाखवा म्हणा. बायनाबाईनं पहिलं विचारलं होतं. दुसरं तिनं दोन दिवस चालत येऊन विचारलं, आणि तो आतल्या खोलीत बसून होता.